दीक्षानं हात मागे बांधले

माझी बहीण चंपा पुण्याला विश्रांतवाडीत राहते, आळंदी रस्त्याला लागून, दोन खोल्यांत. तिथला एक हिवाळा माझ्या मनातून जात नाही. चंपा भाकऱ्या थापायची, खाली बसगाड्या घरघरत राहायच्या, आणि भाची दीक्षा उजवा हात ओढणीनं अंगाशी बांधून डाव्या हातानं वेणी घालत बसायची. वेणी कधी जमली नाही. तिचा हट्ट मात्र बघत राहावासा वाटे.

दीक्षा ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. लकवा मारलेल्या माणसाला जेवण, आंघोळ, कपडे ही रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवायची, असं ते शिक्षण. एका हातानं किती अडतं ते स्वतःला कळावं, म्हणून ती वेणीची धडपड. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली मुलगी. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती नापास झाली होती.

एका म्हाताऱ्या पेशंटला सदरा घालायला शिकवायचं होतं. त्यांचा हात बाहीत अडकला, थरथरला, आणि हिचा हात आपसूक पुढे गेला. दोन मिनिटांत बटणांसकट सदरा अंगात. परीक्षक म्हणाले, "छान घातलात. आता हे बाबा घरी जाताना तुम्हालाही सोबत नेणार का?"

आमच्यात मोठ्या माणसाचा हात अडखळला की लहानानं पुढं व्हायचं. हे कुणी शिकवत नाही, अंगातच मुरलेलं असतं. फेरपरीक्षेपर्यंत दीक्षाला तेच अंगातून काढायचं होतं. बरोबरीच्या मुली इस्पितळात काम करू लागल्या होत्या. पुन्हा नापास झाले तर शिक्षण सोडीन, असं ती चंपाला सांगून बसली होती.

त्या दिवसांत मी गावाहून गेलो. टेकलो आणि पाणी मागितलं. दीक्षा जागची हलली नाही.

"अगं, मामा पाणी मागतोय," चंपा म्हणाली.

"तांब्या त्यांच्या हाताशी आहे, आई."

"दादा, हिला माफ कर. ही शिकून शहाणी झालीय."

"पुण्यात पाणी मागायचं नसतं, हे गावात कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो आणि तांब्या उचलला. दीक्षा हसली, पण तिचे डोळे भरले होते. मला पाणी न देणं तिला किती जड गेलं, ते मी पाहिलं.

फेरपरीक्षेच्या संध्याकाळी तिनं सगळं मला बसवून सांगितलं. या वेळी पेशंट होते बिबवेवाडीचे धोंडिबा. जन्मभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस, डावी बाजू लुळी पडलेली. तिनं स्वतःचे हात पाठीमागे घट्ट बांधले आणि म्हणाली, "बाबा, लुळा हात आधी बाहीत घाला." बाही तीनदा निसटली. चौथ्यांदा गेली. मग बटणं. धोंडिबांनी एक काज चुकवलं आणि सदरा वाकडा झाला. तिची बोटं शिवशिवली.

"बाबा, आरशात बघा."

"वाकडं झालंय की. लाव ना तू."

"तुम्हीच लावा. मी आहे इथं."

त्यांनी पुटपुटत सगळी बटणं सोडली आणि खालून एकेक लावत आले. परीक्षक घड्याळ बघत होते. वेळ संपली तेव्हा गळ्याजवळचं बटण राहिलंच होतं. दीक्षाला वाटलं, वर्ष गेलं.

परीक्षकांनी धोंडिबांना विचारलं, "काय बाबा, या मुलीनं काही मदत केली?"

धोंडिबांना रागच आला होता. "कसली मदत, साहेब? घामाघूम झालो मी. ही नुसती उभी होती. एका बटणाला हात लावला असेल तर शपथ."

परीक्षकांनी मान हलवली, पेन उघडलं आणि तिच्या नावापुढं 'उत्तीर्ण' लिहिलं.