टोपीखालचे केस

पुळणीवर चौघांना ओळीने ठेवलं होतं. त्यांतला तिसरा माझा नवरा. बाजूला तांडेल बसला होता, ओलाचिंब, जिवंत. डोक्यावरून हात फिरवायचा आणि तळवा बघायचा, रंग लागला का म्हणून. ती त्याची सवयच होती. त्या दिवशीही गेली नाही.

तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. रेवदंड्याच्या खाडीवर आमच्या शेजारीच त्याचं घर. बायको वारलेली, पोरबाळ नाही. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. जाळी रंगवावीत तर त्यानेच. ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवतात, म्हणजे ते लवकर कुजत नाही. मामा जाळं आधी गोड्या पाण्यात भिजवून घ्यायचा. "कोरं टाकलं का ठिपके पडतात, गो," हे त्याने मला किती वेळा सांगितलं असेल.

स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत मात्र हे विसरला. केस पिकायला लागले तसा उरलेला काढा डोक्याला फासू लागला. तोही टोपीबाहेर दिसतील तेवढ्याच केसांना. तेल न काढता लावायचा, त्यामुळे रंग कुठे बसायचा, कुठे नाही. लाल टोपीखाली ठिपक्याठिपक्यांची तांबूस झालर, आणि कान, मान त्याच रंगाचे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. बायका विचारायच्या, "मामा, जाळं डोक्यावर वाळत घातलंय काय?"

"वाळलं का तुमच्याच नवऱ्यांना धरतो त्यात," तो म्हणायचा.

पण ही हौस नव्हती. होडीचा मालक पिकल्या केसांच्या माणसाकडे सुकाणू ठेवत नसे. सुकाणू गेलं की किनाऱ्यावर बसून जाळी सांधायची, आणि मामाला किनारा सोसत नव्हता.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना टोपी काढावी लागली. भोवती तांबडी कड आणि मधलं सगळं डोकं खोबऱ्यासारखं पांढरं. मालक शेजारीच उभा होता. तो हसलासुद्धा नाही. माझा नवरा त्याच होडीवर खलाशी होता. यंदा सुकाणू त्याच्याकडे, एवढं बोलून मालक गेला.

संध्याकाळी मामा आमच्या दारात येऊन उभा राहिला. माझ्याआधी नवराच बोलला. "लाव मामाला रंग. त्याच्या जितेपणी मना नको ते सुकाणू."

मी आवळा आणि हिरडा लोखंडी कढईत रात्रभर भिजत ठेवला. सकाळी त्याचा काळाकुट्ट रंग झाला. मामाचं डोकं आधी रिठ्याने दोनदा धुऊन तेल काढलं. केस ओले होते तोवरच बटेबटेने लावला, कानशिलांपासून सुरुवात करून, कारण तिथले केस रंग उशिरा धरतात. वर केळीचं पान बांधलं. दुपारी धुतलं तर डोकं एकसारखं काळं.

"भिजवून घेतलंस, गो," मामा म्हणाला. लाजला होता.

टोपी हातात धरून तो मालकाकडे गेला. मालक म्हणाला, केस पोराचे केलेस, आता होडीही पोरासारखी चालवून दाखव.

वारा बघून बाकीच्यांनी होड्या वर ओढल्या, त्या दिवशी मामाने आमची पाण्यात ढकलली. आज राहू द्यायची काय, असं नवऱ्याने विचारलं.

मामाने डोक्यावरून हात फिरवला. "म्हातारा झाला म्हणतील."

रंगाने होडी बुडत नाही. मी रंग चांगला लावला होता. खाऱ्या पाण्यातही उतरला नाही.

त्यानंतर मामा पाण्यात पाय घालेना. जाळी सांधायचा. दोन वेळचं मी वाढत होते, त्याला दुसरं कोणी नव्हतं. केस मुळापासून पांढरे येत गेले, काळी टोकं न्हावी कापत गेला. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्याने टोपी काढली तेव्हा डोकं एकसारखं पांढरं होतं.

त्या होडीत पाच माणसं होती. तांडेल तेवढा जगला.