यावच्या आईचं पोस्टर

याव ओपोंगला फोटोंचं भारी वेड, असं आमच्या माम्पोंग गावात सगळे म्हणायचे. कसलं वेड आणि कसलं काय. हात लांब करायचा, दात काढायचे आणि फोनवर बोट दाबायचं, एवढंच त्याला येत होतं. फुफू खाताना फोटो, कुणाच्या मयताला गेला तरी फोटो. प्रत्येकात पुढे त्याचंच थोबाड.

त्याची आई माझ्या फोटो स्टुडिओच्या दारात थांबून म्हणायची, "एकदा सणाचं केंटेचं वस्त्र नेसून नीट बसायचंय रे मला, गुडघ्यांवर हात ठेवून."

याव तिला ओढून न्यायचा. "या म्हाताऱ्याकडे कशाला बसतेस? माझ्या फोनमध्ये तुझे ढीगभर फोटो आहेत."

आई गेली. आमच्याकडे मयताच्या पोस्टरवर माणूस राजासारखा ताठ बसलेला लागतो, म्हणून याव फोन घेऊन माझ्याकडे आला. ढीगभर फोटोंत आई होती खरी, पण त्याच्या खांद्याआडून मान वाकडी करून डोकावणारी.

"दुसऱ्या कुणाच्या धडावर हिचं डोकं बसवा, काका. सगळे तसंच करतात."

मी बसवलं. केंटे नेसलेलं ताठ धड आणि त्यावर एका बाजूला कललेली मान. गावभर ते पोस्टर लागलं.

मयताच्या दिवशी याव त्याच पोस्टरकडे पाठ करून उभा राहिला आणि फोटोसाठी त्याने हात लांब केला.

"सरक बाजूला," त्याची मावशी म्हणाली. "जन्मभर तुझ्यामागून वाकून बघत होती, तेवढं पुरे झालं."