घोडी, रोलर आणि कौल

दादांच्या उजव्या गुडघ्यातून नारूचा जंत निघाला तो वैशाखात. नारू गेला, पण गुडघा अर्धाच वाकू लागला. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते सरकारी नोकरीत देवी टोचण्याचे काम करीत. डोंबिवलीच्या बाजूची भातखाचरांतली गावे, शहाडपलीकडचे उल्हास नदीच्या काठचे पाडे, सगळे त्यांच्याकडे. खात्यातला एक गोरा डॉक्टर विलायतेला परत जाताना आपली सायकल त्यांना देऊन गेला होता. तिच्या जोरावरच एवढी फिरती त्यांना झेपत असे. पावसाळाभर टोचणी बंद राही. दिवाळीनंतर फिरतीवर निघता आले नाही तर त्या जागेवर दुसरा माणूस येईल, असे साहेबाने कळवले होते.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, गुडघा रोज फिरवा, पण त्यावर अंगाचा भार नको. सायकल उत्तम, मात्र चिखलात नव्हे, घरात, एका जागी. तशी साधने मुंबईत मिळतात. ते आणायचे माझ्याकडे आले, कारण आम्ही राहत होतो कल्याणला, मी रोज ठाण्याच्या कचेरीत जात असे, आणि सायकलीतले घरात मलाच कळते असा माझा समज होता.

मुंबईच्या पारशी दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक लोखंडी घोडी. तिच्यावर मागचे चाक अधांतरी अडकवायचे आणि बसून पाय मारायचे. सायकल जागची हलत नाही. दुसरा प्रकार नवा होता. चौकटीत तीन लाकडी रोलर, त्यांच्यावर सायकल नुसती उभी करायची. तोल स्वतः सांभाळायचा. रस्त्यावर चालवल्यासारखेच, फक्त रस्ता पुढे जात नाही.

“पाय कोणाचा दुखते? तुमचा का भावाचा?” दुकानदाराने विचारले.

“भावाचा.”

“मग घोडी घ्या ने. हेच्यावर माझी बुढी आई बसून चाय पिते, सांडत नाय. रोलर मंजे सर्कस.”

तरी माझी नजर रोलरवरच होती. ठाण्यातल्या काही सायकलवाल्यांनी दिवाळीनंतर शर्यत ठरवली होती आणि दादांची सायकल मागून मी तीत उतरणार होतो. रोलरवर सराव केला की सायकल सरळ रेषेत चालते, असे मी ऐकले होते. आणखीही एक गोष्ट आहे. दादांचा गुडघा सुधारला नाही तर सायकल माझीच होईल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो हाकलला, पण आला होता.

घरी मी दोन्हींचे वर्णन केले आणि रोलरचे जरा जास्त केले.

दादा म्हणाले, “मला घोडी बरी. सर्कशीत जायचं वय गेलं माझं.”

“पण दादा, तुम्हाला खऱ्या रस्त्यावर जायचं आहे ना? घोडीवर तोल कसा येणार?”

आमचे बोलणे लांबले तेव्हा आई म्हणाली, “देवीला विचारू.”

“आई, देवीला लोखंडातलं काय कळतं?” दादांनी विचारले.

“तुझ्या सुईतलं कळतं तेवढं.”

दादा हसले. कोकणात आमच्या गावी गुरव कौल लावी. कल्याणला आल्यावर आई घरच्या कुलदेवीलाच लावू लागली होती. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. आधी जी पडेल तिचा कौल. आईला दिसत कमी होते, म्हणून पाकळ्या लावायला मी बसलो. उजवी रोलरची, डावी घोडीची. आईने डोळे मिटून हात जोडले तेव्हा मी डाव्या पाकळीखाली ओल्या, चिकट गंधाचे बोट फिरवले.

उजवी पडली.

मी रोलर आणले. ते बैठकीच्या खोलीत ठेवताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एवढी मोठी लाटणी आणलीत, आता पोळ्याही तुम्हीच लाटा.”

दादा खिडकीचा गज धरून सायकलवर चढत. एका हाताने गज, एका हाताने सायकल. आठ दिवसांत ते गज सोडू लागले. नवव्या दिवशी पडले, कोपर सोलले. वहिनी म्हणाल्या, “महिन्याच्या आत बदलून देतात म्हणालात ना? ती घोडीच आणा.” मी आणली असती. पण आतून आई म्हणाली, “देवीनं दिलंय ते बदलायचं नाही,” आणि दादाही म्हणाले, “राहू दे. जमतंय मला.” मी गप्प बसलो. बोलायची तीच वेळ होती. एक वाक्य पुरे होते.

श्रावणात ते दुसऱ्यांदा पडले. रोलरच्या लोखंडी चौकटीवर तोच गुडघा आपटला. तो सुजला, पिकला, आणि दोन महिन्यांनी बरा झाला तेव्हा काठीसारखा सरळ झाला होता. पुन्हा कधी वाकला नाही.

टोचणीच्या गावांत लोक म्हणू लागले, देवीच्या कामात हात घालणाऱ्याचा देवीने पाय घेतला. असले बोलणे दादा बारा वर्षे ऐकत आले होते आणि हसत आले होते. टोचून घेतलेली पोरे जगतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. या वेळी ते हसले नाहीत. मला म्हणाले, “कौल तिनंच दिला आणि त्या रोलरवरच मला मोडलं. म्हणजे बोलावून मारलं रे मला.”

साहेब भला होता. त्याने ठाण्याला टोचणीची नोंदबुके सांभाळायचे बैठे काम देऊ केले. दादांनी ते नाकारले आणि राजीनामा लिहून माझ्याच हाती साहेबाच्या कचेरीत पाठवला. मी तो नेऊन दिला. नंतर ते ओटीवर मुलांना अक्षरे शिकवू लागले. वहिनींनी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायला सुरुवात केली. शर्यत झाली. दादांच्या सायकलवर मी सहावा आलो.

पुढे मी ठाण्याला, कोपरीत बिऱ्हाड केले. वर्षांमागून वर्षे गेली. सांगायचे मी दर सणाला ठरवी आणि जेवून परत येई.

गेल्या भाद्रपदात आई वारली. चौदाव्या दिवशी दुपारी दादांनी मला देवघरापाशी बोलावले. मी देवीसमोर बसलो; वाकता येत नसल्याने ते भिंतीला टेकून उभे होते.

“देवी तू घेऊन जा ठाण्याला.”

“देव थोरल्याकडे राहतात, दादा.”

“माझ्याकडे तिला राहायचं नाही. आई होती म्हणून इतके दिवस राहिली.”

तेव्हा मी सांगितले. गंधाचे बोट, डावी पाकळी, शर्यत, सायकलीचा तो विचारही. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आत गेल्या, आणि आत भांडे घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दादा देवीकडे पाहत होते.

“म्हणजे ती काहीच बोलली नव्हती?”

“नाही.”

“रागावलीही नव्हती.”

“नाही, दादा.”

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग अगदी हळू, काही ठेवून विसरल्यासारखे विचारले, “मग मी ते काम का सोडलं रे?”

 त्यांनी मला शिवी द्यावी, काठी उगारावी, म्हणून मी तसाच बसून राहिलो. त्यांनी तसे काही केले नाही. देवी नेण्याचे ते पुन्हा बोलले नाहीत. नुसते म्हणाले, “ऊठ, गाडी चुकेल तुझी.”