विलायतेच्या बांधकामाला गेलेल्या थाप्या

लंडन-जर्मनीत पडलेली घरं उभी राहणार म्हणून ठाण्याच्या गवंड्याने आपली थापी का सोडावी, सांगा बघू?

कोलशेतच्या गुणाजी गवंड्याला हाच प्रश्न पडलेला. माणूस मुळातच वाकड्या नजरेचा. सख्ख्या भावाने दिलेलं पानसुद्धा उलटं करून बघेल, मगच तोंडात घालेल.

यंदा, एकोणपन्नास सालीच, टेंभी नाक्याजवळ एका ठेकेदाराची चाळ उभी राहत होती. गवंडी ज्यावर उभं राहून भिंत चढवतात ती बांबूची परांची पार कुजलेली. गुणाजीचा मेव्हणा पोपट तिच्यावरून पडला, पाय मोडून बसला. तेव्हा सगळ्या गवंड्यांनी ठरवलं, बांबू बदलल्याशिवाय चढायचं नाही. पोटापुरती ठाकुर्लीकडे किरकोळ कामं होती. ठेकेदाराला घाम फुटला.

अन् नेमका तेव्हाच नाक्यावर एक टोपीवाला साहेब उगवला.

"युरोपात पुढची दहा वर्षं नुसतं बांधकाम! लढाईत गावंच्या गावं बसलीत. गवंड्याला डोक्यावर घेतील तिकडे."

"तिकडचे गवंडी काय सगळे मेले?" गुणाजीने विचारलं.

"अरे, कमी पडतात! थाप्या-ओळंबे जमा करा. हत्यारं आधी बोटीने जातात, माणसं मागून."

"म्हणजे वरात पुढे अन् नवरा घरी?"

लोक हसले. पण हसता हसता थाप्या पुढे आल्या. दसऱ्याला जिला हळदकुंकू लावायचं, एरवी दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, ती थापी साहेबाच्या पोत्यात! पोपटही लंगडत गेला, आपली टाकून आला.

"दाजी, तुम्हाला देवाचाबी संशय!"

"देव तरी थापी मागत नाही रे, गाढवा!"

साहेब गेला तो गेलाच. बिनहत्याराच्या गवंड्याला ठाकुर्लीत कोण उभं करणार? मग ठेकेदाराचा मुकादम गोड हसत आला. "हत्यारं आम्ही देतो. चढा." त्याच कुजक्या बांबूंवर! साहेबाला कुणी आणलेलं? पुरावा नाही. पण धूर दिसल्यावर विस्तव कुठे म्हणून काय विचारायचं?

गुणाजीची एकच थापी उरलीय. ती आळीपाळीने फिरते. ज्याची पाळी नाही, त्याची चूल थंड. पोपट मान खाली घालून ती घेतो. अजून एकही जण चढलेला नाही. पण भूक किती थांबणार?

युरोप वाढो, वाढायचा तेवढा. तुमच्या माळ्यावर जुनी थापी गंजत पडली असेल, तर कोलशेतला गुणाजीची बायको बायजा हिच्याकडे आजच आणून द्या.