मेण ल्यालेले दाणे

खिडकीतल्या बाटलीवर सकाळचं ऊन आलं, की आतले काळे दाणे मऊसर चमकायचे. विनयच्या प्रयोगशाळेतला उत्प्रेरक होता तो, कोबाल्टचा, मिऱ्यांएवढा. कोळशापासून केलेला वायू या दाण्यांवरून गेला, की त्याचं डिझेल होतं, मेण होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला ही थापच वाटायची.

विनय चैत्रात गेला. काल त्याचा सहकारी माधव भेटायला आला. चहा संपल्यावर चाचरत म्हणाला, "वहिनी, ती बाटली देता? नव्या मुलांना दाखवायचीय."

"वापरलेले दाणे काय दाखवणार?" मी म्हणाले. मला ती द्यायची नव्हती.

"वापरलेले म्हणूनच. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, असं पुस्तकात असतं. विनय म्हणायचा, पुस्तकाला काय जातंय सांगायला! थकतो बिचारा."

मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

थकतो, आणि स्वतःच घडवलेलं मेण अंगभर लेवून बसतो. त्या मेणामुळेच तो उघड्यावर टिकतो. एरवी हवा लागताच तापून पेटायचा. आपल्याच कामाचं असं पांघरूण व्हावं, याचं मला नवल वाटत राहिलं.

मी झाकण उघडलं, एक दाणा चिमटीत धरला, परत आत टाकला आणि बाटली माधवच्या हातात दिली.

तो गेल्यावर पाहिलं, तर बोटांना मेणाचा ओशटपणा राहिला होता. कपबशा विसळायच्या होत्या. त्या बराच वेळ तशाच राहू दिल्या.