केळीचा चीक आणि दोन बेल्ट

आमच्या पहूरच्या वर्कशॉपात आबांचा एक कायदा होता: लेथचे दोन्ही बेल्ट सोबतच बदलायचे. तुटला एक, तरी बदलायचे दोन. आबा, म्हणजे माझे वडील, हल्ली मशीनला हात लावत नसत. दाराशी खुर्ची टाकून नुसते ऐकत. माझी चाळिशी उलटली, तरी त्या कानांनी मला जीव नकोसा केला होता.

म्हणून साक्रीच्या अक्कांनी, आबांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना महिनाभर राहायला बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात नाचलो. आबांची अट एकच: "लेथ नीट चालली तरच जाईन." आणि निघायच्या दिवशी सकाळीच एक बेल्ट तुटला.

नवा बेल्ट शिल्लक होता एकच. दुसऱ्यासाठी जळगावला गेलो असतो, तर आबांचं जाणं बारगळलं असतं. ते अंघोळीला गेलेले. मी मोटरचे बोल्ट सैल केले, जुन्याशेजारी नवा चढवला, मोटर मागे सरकवून ताण दिला. नवा ताठ बसला, पण जुना अंगठ्याखाली लोंबतच राहिला. लोखंड कापायला घेतलं की तो घसरायचा आणि असा किंचाळायचा की बसस्टँडवर ऐकू जावं.

मग मी डोकं चालवलं. मागच्या बागेतल्या केळीचं पान छाटलं, ठिबकणारा चीक वाटीत धरला आणि जुन्या बेल्टला चोळला. लेथ चालू केली. चिडीचूप! मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

आबा आले ते नवा पांढरा सदरा घालून. बेल्टजवळ उभं राहून त्यांनी डोळे मिटून ऐकलं. झाकण लावायचं मी विसरलो होतो. चिकाचे बारीक थेंब त्यांच्या सदऱ्यावर उडत होते, पण ओला चीक पाण्यासारखाच दिसतो. मी त्यांची पिशवी उचलली.

"चांगली चालते," म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले.

चौथ्या दिवशी अक्कांचा फोन आला. "काय रे, तुना आबाना सदराले केळीना चीक कसा लागना? धुवावर बठ्ठा काया डाग पडनात!" म्हणजे धुतल्यावर सदराभर काळे डाग उमटले होते. मग फोन आबांनी घेतला.

"एकच बदलला ना?"

"हो."

"मले तवाच ऐकू आलं होतं."

"मग चांगली चालते असं कशाला म्हणालात?"

"तू कुठी खरं बोलला होता?" ते हसले. "मी थांबलो असतो, तं तू माह्या भेवानं दोन्ही बदलले असते. आता तुह्या मनानं बदल. मी महिना पुरा करूनच येतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी जळगाव गाठून दोन नवे बेल्ट आणले, दोन्ही चढवले, ताण बघितला, झाकणही लावलं. लेथ चालू केली आणि सवयीने दाराकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. जरा वेळ घुटमळलो. मग तिच्यावर जाऊन बसलो आणि डोळे मिटून ऐकू लागलो.