मथीचा भरलेला हंडा

मी माणिकपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर कोल्हापूरकडचं, वसईत येऊन जेमतेम चार वर्षं झालीत. पुरावा दाखवा, मग बोलू — हे मुलांना सांगते आणि स्वतःही पाळते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

दोन वर्षांपासून मी एक कादंबरी लिहितेय. नायिका मथी, मिठागरात राबणारी, एकोणीस वर्षांची. लग्न ठरलेलं असताना ती एका होडीवाल्याबरोबर खाडीपलीकडे निघून जाते, एवढं पक्कं होतं. पण तिचं घरच मला दिसेना. आईबाप कसे, जेवायचे काय, बोलायचे कसं... फक्त एक धाकटी बहीण सुचली होती. दृष्ट लागू नये म्हणून मथी तिच्या परकराच्या नेफ्यात मिठाचा खडा बांधायची. हे सगळं एका वहीत, आणि वही माझ्या कपाटात. नवऱ्यालासुद्धा वाचायला दिली नव्हती.

आमच्या शाळेतल्या शिपाई सुमनताई जवळच्याच जूचंद्र गावच्या. त्यांना विचारलं, "जुन्या मिठागरात काम केलेलं कुणी ओळखीचं आहे का हो?"

"आमच्या सासूबाईच आहेत की! रविवारी या."

गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. हिराआजी ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण आवाज खणखणीत. मी कादंबरीचा विषयही काढला नाही, फक्त कामाचं विचारत होते. सांगता सांगता त्या म्हणाल्या, "मी बारकी, बांधावर बसून रवायची. मोठी भैन माज्या नेफ्यात मिठाचा खडा बांधायची. घामानं इरगळला का दुसरा."

माझं पेन थांबलं. "नाव काय बहिणीचं?"

"मथी."

सुमनताई चहा घेऊन आल्या, तो तसाच गार झाला.

आजी पुढचं सांगू लागल्या. एका उन्हाळ्यात सकाळी लहानगी हिरा पाण्यासाठी रडायला लागली. मथी हंडा घेऊन विहिरीवर गेली, ती परत आलीच नाही. हंडा बांधावर सापडला. पाय घसरून खाडीत गेली, असं सगळ्यांनी धरलं.

"मीच रडले पान्यासाठी," आजी म्हणाल्या. "नायतर ती गेलीच नसती."

सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही बाई हे उराशी घेऊन बसली होती. आणि माझ्या वहीत... माझ्या वहीत मथी निघण्याआधी बहिणीसाठी हंडा भरून ठेवते. वर ताटली झाकते.

मला राहवलं नाही. "आजी, हंडा भरलेला होता ना? वर ताटली?"

त्यांनी सुकट बाजूला सारली. "तुला कोनी सांगितला, बाय? ता मी कोनालाच नाय सांगितला. आदी मीच पोचले तिथं. ताटली काडून पानी प्याले... मंग हाका मारल्या."

 मी म्हटलं, "आजी, पाय घसरून पडणारी बाई आधी हंडा झाकून ठेवत नाही. ती तुमच्यासाठी पाणी ठेवून गेली. स्वतःहून गेली."

 त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हंजे माज्यामुलं नाय..."

वहीतल्या मथीबद्दल त्यांना सगळं सांगून मी घरी आले. नंतर खूप डोकं खाजवलं. कुठेतरी ही गोष्ट कानावर पडली असेल, मनात राहून गेली असेल... पण सासूला अशी बहीण होती, हे सुमनताईंनाही त्या दिवशीच कळलं. आणि ताटली झाकलेला हंडा तर फक्त एका लहान मुलीनं पाहिला होता. तो माझ्या वहीत कसा आला? 

कादंबरी अडलीय. मथीचा शेवट हालअपेष्टांत करायचं ठरलं होतं, आता हात धजत नाही.

परवा सुमनताई स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "मॅडम, सासूबाई विचारतायत, मथीला पुढं पोरंबाळं झाली का?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

कुणाला विचारणार होते, देव जाणे.